बाथरूमच्या टाइल्स किती घ्यायच्या? माझा हिशेब १८ बॉक्स, दुकानदार २० म्हणतो, मिस्त्री २५

घाटवाट | शुक्रवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला आमचा १९९६ सालचा फ्लॅट आहे. खालच्या काकूंच्या छताला ओल आली, त्यांनी फोटो सोसायटीच्या ग्रूपवर टाकले, आणि दोन महिने टोलवाटोलवी केल्यावर आमचं कॉमन बाथरूम फोडायचं ठरलं आहे.

मापं देतो. लांबी ७ फूट २ इंच, रुंदी ४ फूट ८ इंच. टाइल्स ८ फुटांपर्यंत, वर फॉल्स सीलिंग. दरवाजा अडीच बाय सात, आखूड भिंतीत बरोबर मधोमध. समोरच्या आखूड भिंतीत खिडकी, दोन बाय दीड. टाइल पसंत केली आहे ती १२ बाय २४, फिकट राखाडी, डिझाइन नाही, आडवी लावायची. बॉक्समध्ये ५ नग, बॉक्सवर ९.६९ चौरस फूट छापलंय.

हिशेब असा केला: चारी भिंतींचा घेर २३ फूट ८ इंच, गुणिले ८, म्हणजे १८९ चौ. फूट. दरवाजाचे साडेसतरा आणि खिडकीचे तीन वजा. उरले १६९. त्याला ९.६९ ने भागलं तर साडेसतरा. म्हणजे १८ बॉक्स.

दुकानदार म्हणतो दहा टक्के कटिंग धरा, २० घ्या. मिस्त्री म्हणतो २५ आणा, "साहेब, कमी पडलं तर मला बोलू नका." सात बॉक्सचा फरक कुठून येतो ते कळेना. मिस्त्रीचं दुकानदाराशी काही साटंलोटं असावं तर दुकानदारच कमी सांगतोय! जाणकारांनी उजेड पाडावा.

---

टपरीवरचा_चहा | शुक्रवार, रात्री ११.०२

दुकानदार बरोबर. सरळ लावणार असाल तर दहा टक्के, तिरकी लावणार असाल तर पंधरा. सगळीकडे हेच सांगतात. २० घ्या आणि झोपा.

---

डोंबिवलीकर_नाना | शनिवार, सकाळी ६.१५

आमच्या वेळी हे प्रश्न नव्हते. सहा इंची पांढरी ग्लेज टाइल, जमिनीपासून तीन फूट, वर ऑइल पेंट. अर्ध्या इंचाने काही अडत नसे, कारण टाइलच एवढीशी. १९८१ साली दोन्ही न्हाणीघरांना मिळून दीड ब्रास माल लागला होता, डायरीत लिहिलेलं आहे. (नव्या पिढीसाठी: ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट.) एक टाइल फुटली तर फारसं बिघडत नसे. आता दोन फुटांची टाइल कापताना फुटली की मिस्त्रीपेक्षा मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

---

ओलंबा | शनिवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, चुका पदरात घ्या. वडिलांनी आयुष्यभर लादी बसवली, मी त्यांच्या हाताखाली दहा वर्षं काढली, आता साइट सुपरवायझर आहे.

घाटवाट साहेब, तुमचं गणित बरोबर आहे, पण टाइल चौरस फुटात लागत नाही, नगात लागते. भिंतीला साडेतीन टाइल लागत असतील तर चौथी फोडावीच लागते. उरलेला अर्धा तुकडा दुसरीकडे कामाला आला तर वाचला, नाहीतर गोणीत. दहा टक्के म्हणजे हा प्रश्न न सोडवता त्याच्यावर टाकलेली चादर. कधी ती पुरते, कधी पाय उघडे पडतात.

दुसरं, १२ बाय २४ हे बोलायचं माप. टाइल ३०० बाय ६०० मि.मी. असते. ३०० मि.मी. म्हणजे ११.८ इंच, फूट नव्हे. तुमचे ८ फूट म्हणजे २४३८ मि.मी. दोन मि.मी.चा सांधा धरून आठ ओळी भरतात २४१६. वर २२ मि.मी. उघडी राहणार. मिस्त्रीने तिथे नववी ओळ म्हणून बोटभर पट्ट्या कापल्या तर निम्म्या कापतानाच मोडतील. त्याच्या २५ बॉक्समध्ये ही नववी ओळ धरलेली असणार, विचारून बघा. फॉल्स सीलिंग एक इंच खाली घेतलं की विषय संपला.

आता कागद घ्या. प्रत्येक भिंत मि.मी.मध्ये काढा, ६०२ ने भागा, आणि एका ओळीत पूर्ण टाइल किती व तुकडा केवढा ते लिहा. दरवाजाची भिंत वेगळी काढा. आणि दरवाजा आधीच वजा करू नका, गंमत कळेल.

---

घाटवाट | शनिवार, रात्री ९.५०

ओलंबा, बायकोने "बाथरूमचं काम आहे का बारावीचा पेपर" असं विचारलं, पण केलं.

लांब भिंत २१८४ मि.मी. तीन पूर्ण टाइल्स, म्हणजे १८०६, आणि ३७८ चा तुकडा. ओळीला चार टाइल्स फोडायच्या. आखूड भिंत १४२२. दोन पूर्ण, म्हणजे १२०४, आणि २१८ चा तुकडा.

आणि इथे माझी ट्यूब पेटली. लांब भिंतीची चौथी टाइल ३७८ वर कापली की २२२ उरतात. कटरच्या पात्याचे तीन गेले तर २१९. आखूड भिंतीला हवेत २१८! म्हणजे आखूड भिंतीचा तुकडा फुकट. दोन लांब भिंतींच्या आठ टाइल्स, दोन आखूड भिंतींच्या चार, ओळीला एकूण १२. आठ ओळींना ९६. तुकडे फेकून दिले तर ओळीला १४, म्हणजे ११२, म्हणजे २३ बॉक्स. मिस्त्री तुकडे फेकून वर दोन बॉक्स जास्त धरतोय. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

दरवाजाची गंमतही कळली. १४२२ मधून दरवाजाचे ७६२ गेले, दोन्ही बाजूंना ३३०-३३० उरले. ६०० च्या टाइलमधून ३३० चे दोन तुकडे निघत नाहीत, त्यामुळे दरवाजाच्या उंचीच्या सातही ओळींना दोन-दोन टाइल्स फोडाव्याच लागतात. सलग भिंत असती तरी दोनच लागल्या असत्या! साडेसतरा चौरस फूट मी ऐटीत वजा केले होते, आणि वाचली एकही टाइल नाही. हे डोक्यात बसायला मला दोनदा चित्र काढावं लागलं.

---

टपरीवरचा_चहा | शनिवार, रात्री १०.०५

९६ म्हणजे २० बॉक्सच की. मी हेच म्हणत होतो 😀

---

ओलंबा | शनिवार, रात्री १०.४०

@टपरीवरचा_चहा, आकडा जुळला, पण रस्ता चुकला होता. दरवाजा सहा इंच सरकवा, आकडा बदलेल, तुमचे दहा टक्के आहेत तिथेच राहतील.

@घाटवाट, शाबास. पण २१९ मध्ये २१८ बसवणार? एका मि.मी.वर संसार मांडू नका. १९९६ च्या इमारतीत गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून बघा, एक कोपरा काटकोनात निघाला तर पेढे वाटा. भिंत खाली १४२२ असेल तर वर १४३० असेल. आणि ही मापं तुम्ही जुन्या टाइल्सवर टेप लावून घेतलीत ना?

---

घाटवाट | शनिवार, रात्री १०.४४

हो... जुन्या टाइल्सवरच.

---

मृणाल_ठाणे | रविवार, सकाळी १०.१०

मग ती मापं विसरा. आमच्याकडे जुन्या टाइल्समागे मसाला कुठे एक इंच, कुठे अडीच इंच निघाला. सगळं खरवडून नवं प्लास्टर केल्यावर खोली एका बाजूने वाढली आणि दुसऱ्या बाजूने कमी झाली. माल मागवायचा तो प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर, ओलंब्यात भिंती आल्यावर. आधी फक्त डिझाइन पसंत करून दुकानात एवढा स्टॉक आहे का ते विचारून ठेवायचं.

दुसरं बाथरूम आम्ही टाइलवर टाइल चिकटवून केलं. तिथे मापं आधी घेता आली, पण प्रत्येक भिंतीने जवळजवळ अर्धा इंच जागा खाल्ली, आणि दरवाजाची चौकट आत गेल्यासारखी दिसते. तुमच्याकडे गळती आहे म्हणजे तो मार्ग नाहीच. फोडावंच लागेल.

---

शमिका | रविवार, दुपारी १२.२५

सगळे कमीत कमी किती लागतील ते काढताय, तर माझी रडकथा ऐका. नाशिकला आईच्या घरी आम्ही अगदी मोजून माल आणला. शॉवरची भिंत निम्मी झाल्यावर दोन बॉक्स कमी पडले. त्याच दुकानात, त्याच नावाची, त्याच मापाची टाइल मिळाली. ट्यूबलाइटच्या उजेडात लावली, कुणाला काही कळलं नाही. सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि छातीच्या उंचीवर एक आडवा पट्टा दिसला, बाकीची भिंत दुधासारखी आणि तो पट्टा दुधात हळद घातल्यासारखा. ग्राउट भरून झालं होतं. आई अजून आल्या-गेल्याला "ते डिझाइन आहे" म्हणून सांगते.

नंतर बॉक्स बघितले तर बॅच वेगळी. सगळ्या बॉक्सवर शेड आणि बॅच छापलेली असते, माल उतरवतानाच एकेक बॉक्स वाचायचा. त्यामुळे माझं मत सरळ आहे, दोन बॉक्स जास्तच घ्या. पन्नास-पंचावन्न रुपये फुटाची टाइल असेल तर दोन बॉक्सचे हजार-अकराशे होतात. ती हळद पुसायला किती लागतील?

---

काउंटरवरून | रविवार, दुपारी ३.००

टाइल्सच्या दुकानात काम करतो, कोणत्या ते विचारू नका. शमिकाताईंना पूर्ण अनुमोदन. माल बहुतेक गुजरातच्या मोरबीहून येतो. भट्टीच्या प्रत्येक फेरीत रंग केसभर इकडेतिकडे होतोच. फक्त रंग नाही, मापही मि.मी.भर हलतं, दोन बॅच एका भिंतीत मिसळल्या तर सांधे रेषेत राहत नाहीत. आणि भिंतीच्या टाइलची डिझाइन्स फार पटापट बंद होतात. सहा महिन्यांनी तीच टाइल मागायला येणाऱ्यांना आम्ही फक्त चहा पाजू शकतो.

परत घेण्याबद्दल: बंद बॉक्स, बिलासकट, ठरलेल्या मुदतीत, बहुतेक दुकानं घेतात. सुटे नग कुणी घेत नाही. हे बिलावर लिहून घ्या, तोंडी नको, कारण तोंडी सांगणारा पोरगा दिवाळीनंतर दुसरीकडे कामाला लागलेला असतो. आणि नगांवर लक्ष द्या. याच मापाची टाइल कुणी बॉक्सला ५ देतं, कुणी ६. गिऱ्हाईक एका दुकानात हिशेब करून दुसऱ्या दुकानात "वीस बॉक्स द्या" म्हणतं, आणि मग वीस नग जास्त जातात.

---

लुडबुड | रविवार, संध्याकाळी ७.१२

आमच्या गोव्याच्या जुन्या घरात चिऱ्याच्या भिंती. गुण्या लावला तर गुण्यालाच आपण चुकलो की काय असं वाटावं. एक भिंत वर जाता जाता चाळीस मि.मी. आत येते. तिथे बहिणीने हट्टाने हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी तिरकी मांडणी) लावलं, तेही लहान टाइलचं. मिस्त्री तिसऱ्या दिवशी गावाला गेला तो चौदाव्या दिवशी उगवला. माल वीस टक्के जास्त घेतला होता, शेवटी मूठभर तुकडे उरले. दिसतं मात्र झकास.

अवांतर: ज्यांच्याकडे अजून खाली गडद, वर फिकी आणि मधे डॉल्फिनची हायलायटर टाइल आहे त्यांनी हात वर करा.

---

डोंबिवलीकर_नाना | रविवार, संध्याकाळी ७.३०

आमच्याकडे डॉल्फिन नाही, हंसांची जोडी आहे. सुनेला आवडत नाही. मला आवडते.

---

ओलंबा | सोमवार, दुपारी १.२०

हायलायटर, बॉर्डर असेल तर ती मुख्य टाइलमधून वजा करून नगांवर वेगळी मोजायची, नाहीतर दोन्ही दुप्पट येतात. घाटवाट साहेबांना ती भानगड नाही.

तुमच्यासाठी उरलेल्या गोष्टी. शॉवरजवळ साबण-शाम्पूला भिंतीत कोनाडा करणार असाल तर त्याच्या कडा ४५ अंशात घासाव्या लागतात, त्यात टोकं उडतात. दोन नग धरा. खिडकीच्या गालांना (आतल्या बाजूंना) नवीन टाइल लागत नाही, दरवाजाच्या भिंतीचे उरलेले तुकडे तिथे जातात. म्हणून मिस्त्रीला आधीच सांगा, वीतभर लांबीचा तुकडा परवानगीशिवाय गोणीत जाणार नाही. मिक्सरच्या (गरम-गार पाण्याच्या नळाच्या) पाइपाची भोकं चुकतात, एखादी टाइल तिथे जाते. सगळ्यात खालची ओळ शेवटी लावायला सांगा. जाळीकडे ढाळ असतो, त्यामुळे ती ओळ सरळ कापून चालत नाही, जमिनीच्या उताराप्रमाणे एकेक टाइल कापावी लागते. दुसऱ्या ओळीला खाली पट्टी ठोकून तिथून वर चढायचं.

माझं मत: नवीन मापं आली की परत कागद मांडा. ९६ च्या आसपास आलं तर २२ बॉक्स आणा, एकाच बॅचचे. त्यातला एक बॉक्स फोडायचा नाही असं ठरवूनच आणा. पाच वर्षांनी भिंतीतला पाइप गळला तर तोच बॉक्स देव.

आणि हो, एक बॉक्स चौदा-पंधरा किलोचा. बावीस म्हणजे तीनशे किलोच्या वर. लिफ्टने नेऊ देतात का ते सेक्रेटरींना विचारा, नाहीतर मजल्यागणिक हमाली.

---

टपरीवरचा_चहा | सोमवार, दुपारी १.४५

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझं स्वतःचं बाथरूम पुढच्या वर्षी आहे. 😐

---

घाटवाट | सहा आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११.००

धागा वर काढतोय, कारण काम संपलं आणि हिशेब द्यायचा राहिला.

मृणालताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. जुना मसाला भरपूर जाड निघाला. प्लास्टर झाल्यावर लांबी २२००, रुंदी १४३५. तोवर जिना चढून तीनदा खाली काकूंकडे जाऊन आलो होतो, कारण वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून दोन दिवस ठेवलं होतं आणि त्यांच्या छताकडे बघण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. कोरडं राहिलं. काकूंनी चहा दिला, दोन महिन्यांतला पहिला.

आता माझा फुकटचा तुकडा. लांब भिंतीला ३९४ चा तुकडा हवा, उरतात पात्याचे तीन वजा जाऊन २०३. आखूड भिंतीला हवेत २३१. म्हणजे बसत नाही! सोळा मिलिमीटरने माझी सगळी हुशारी गेली. क्षणभर वाटलं, परत ११२ वर आलो. पण एका टाइलमधून २३१ चे दोन तुकडे निघतात. असे तुकडे हवेत नऊ, खिडकीच्या भिंतीच्या आठ ओळी आणि दरवाजाच्या वरची एक. त्यासाठी पाच टाइल्स. ९६ अधिक ५, एकशे एक. मिस्त्रीच्या हातात कागद दिला, त्याने तो उलटा धरून बघितला, मग सरळ, आणि म्हणाला, "हे कुणी काढून दिलं?" त्यानंतर तो माझ्याशी जरा बरा बोलायला लागला. पहिल्या २५ मध्ये नववी ओळ होती का, हेही विचारलं. होती.

२२ बॉक्स आणले, ११० नग, सगळ्यांची बॅच हमालासमोर वाचून. एक बॉक्स वेगळा निघाला, तिथल्या तिथे बदलून घेतला. शमिकाताई, आभार. खिडकीने दोन टाइल्स वाचवल्या, म्हणजे ९९. कोनाड्याला दोन. फुटल्या तीन, त्यातली एक मिक्सरच्या भोकापायी, आणि एक मी स्वतः पायाने. उरल्या सहा. एक बंद बॉक्स आणि एक सुटी. सीलिंग इंचभर खाली घेतलं, वरची पट्टी लागलीच नाही.

जमिनीला एक फुटी खरखरीत टाइल घेतली. तिथे चार बॉक्स, दहाचे, त्यातल्या दोन उरल्या.

बंद बॉक्स दिवाणाखाली आहे, त्यावर बिल चिकटवलं आहे. सुटी टाइल आईने स्वयंपाकघरात नेली, गरम कढई ठेवायला.

---

शमिका | रविवार, सकाळी ११.२०

अभिनंदन! सकाळच्या उन्हात बघितलंत का?

---

घाटवाट | रविवार, सकाळी ११.२४

पहिलं तेच बघितलं. एकसारखी आहे.

---

ओलंबा | रविवार, दुपारी २.०५

छान. जमिनीवर बादलीभर पाणी ओतून बघितलं का? दहा मिनिटांनी कुठे साचतं ते सांगा.

---

घाटवाट | रविवार, दुपारी २.४०

ओतलं. जाळीकडे जातं सगळं, फक्त कमोडच्या मागच्या कोपऱ्यात बशीभर राहतं.

---

ओलंबा | रविवार, दुपारी २.४३

मिस्त्रीचे शेवटचे पैसे दिलेत का?

---

घाटवाट | रविवार, दुपारी २.४४

काल संध्याकाळी.

---

ओलंबा | रविवार, दुपारी २.५०

मग वायपर घ्या.